मोठीचं पेंडिंग

९ फेब्रुवारी, रविवार

आज अमळनेरला चुलत बहिणीच्या लग्नाला गेले होते आणि डोकं तापवून घरी आले. पंगत बसायची होती तेवढ्यात मामीने मला दंडाला धरून एका पाहुणीपुढे उभं केलं. माझं नाव नाही, शिक्षण नाही, पंधरा वर्षं जळगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते हेही नाही. म्हणाली, "हाई आमनी नणंदनी पोर. बठ्ठास्नं व्हई गयं, इनंच पेंडिंग शे." म्हणजे सगळ्यांची लग्नं झाली, माझंच राहिलं.

पाहुणी माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाली, "अरेरे."

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. अकरा जणांनी मला नाकारलं, दोघांना मी नाकारलं, मग मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येणं बंद केलं. त्याला आता सहा वर्षं झाली. मला त्याचं वाईट वाटायचं, आता फारसं वाटत नाही. पण हा शब्द मला सहन होत नाही. पूर्वी बायका 'राहिली' म्हणायच्या. म्हणताना जरा आवाज खाली यायचा, नजर इकडेतिकडे व्हायची. पेंडिंग म्हणताना कोणाची जीभसुद्धा अडखळत नाही. लाइट बिल, रेशन कार्डावरचं नाव, गॅसची सबसिडी आणि कामिनी भाईदास पाटील, सगळे एकाच रांगेत.

खरा राग यापुढचा आहे. माझ्यामुळे तेजस अडकलाय. माझा धाकटा भाऊ, तेहेतीस वर्षांचा, नाशिकला कंपनीत आहे. अमळनेरच्या कॉलेजात असताना त्याचं दिपमालाशी जमलं. ती धुळ्याची, शाळेत शिकवते. आपल्याच समाजातली, घरचे राजी, कशातच काही अडचण नाही. अडचण मी. मोठी घरात असताना धाकट्याची सुपारी फोडायची नाही, असं आमच्या वडिलांचं, आबांचं म्हणणं. "भाऊबंदकीत तोंड दाखवता येणार नाही." पाच वर्षं झाली. आता दिपमालाचे वडील रतिलालभाऊ यांनी निरोप पाठवलाय की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत हो-नाही कळवा, नाहीतर नंदुरबारचं एक स्थळ आहे तिकडे आम्ही होकार देतो. त्यांचं काय चुकलं?

दिपमाला आज लग्नात होती. मी हसून पुढे गेले तर तिने तोंड फिरवलं. बिचारी आमच्या आबांवर चिडलेली असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमध्ये एक म्हातारे काउंटरवर भांडत होते. बायकोच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट हवा होता आणि आमची रूपा त्यांना नुसतं "पेंडिंग आहे बाबा" म्हणत होती. मी त्यांना आत बोलावलं, जंतू वाढवतात ती बशी दाखवली. म्हटलं, जंतू वाढायला अठ्ठेचाळीस तास लागतात, ते काही आपल्या हातात नाही. गुरुवारी सकाळी अकराला या. माझं नाव कामिनी, मीच देईन. म्हातारे शांत झाले आणि जाताना मला आशीर्वाद देऊन गेले.

घरी येताना स्कूटरवर हेच डोक्यात. आमच्याकडे पेंडिंगला तारीख असते, कारण असतं आणि कोणाकडे आहे त्याचं नाव असतं. घरात हा शब्द वापरतात तो नेमका या तिन्ही गोष्टी सांगायला लागू नयेत म्हणून. 'मी अडवून धरलंय' असं आबा कधी म्हणणार नाहीत. 'पेंडिंग आहे' म्हटलं की कोणीच काही केलेलं नसतं.

हा शब्द घरात आणला कोणी ते आठवत होते. तेजसनेच, नोकरी लागल्यावर. सवयीने बोलतो तो.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुकदेवमामा सकाळीच आले. चहा झाला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तोडगा सापडला." धुळ्याच्या कोणा गुरुजींना विचारून आलेत. मुलीच्या पत्रिकेत दोष असला की कुंभविवाह करतात, तसा माझा करायचा. मडक्याशी लग्न लावायचं, मडकं नदीत सोडायचं. मोठीचं लग्न झालं असं शास्त्रापुरतं होतं आणि धाकट्याचा रस्ता मोकळा.

मी म्हटलं, "मामा, माझ्या पत्रिकेत दोष नाही."

"दोष नाही गं. पेंडिंग आहे ना, ते क्लिअर करायचं."

आबा हसतील असं मला वाटलं. आबांनी कापसाच्या जिनिंगमध्ये चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळला, गंजीला हात लावून कापसातला ओलावा सांगायचे. एवढा शहाणा माणूस. आबा म्हणाले, "यात वाईट काय आहे?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

मडकं!

९ मार्च, रविवार

पंधरा दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाही. मी 'नाही' म्हटल्यापासून आबा जेवताना ताटाकडे बघतात. आई आज भाकरी थापता थापता म्हणाली, "आयकी ले माय. पोराना संसार लागी जाई." मी म्हटलं, आई, तुला तरी लाज वाटते का असं सांगायला? तिचे हात थांबले, मग पुन्हा थापायला लागली.

दुपारी तेजसचा फोन. मी सगळं बोलले, रडलेही. तो म्हणाला, "ताई, तू टेन्शन घेऊ नको. मनाविरुद्ध अजिबात काही करू नको. मला काही घाई नाही."

पाच वर्षं थांबलेला मुलगा म्हणतो घाई नाही. आखाजीला पावणेदोन महिने राहिले, मुलगी हातची जाईल, तरी पहिला विचार बहिणीचा. असा भाऊ नशिबाने मिळतो. मला स्वतःचीच लाज वाटली. माझा मान मोठा की त्याचं आयुष्य? आणि त्या दिपमालाचं? तीही एकतीस वर्षांची झाली. तिचे आईवडील गावाला काय सांगत असतील?

१५ मार्च, शनिवार

हो म्हणून टाकलं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गेल्या सहा वर्षांत माझ्या एखाद्या गोष्टीने त्यांना आनंद झालेला मी पाहिला नव्हता, तो मडक्यामुळे पाहिला.

तेजसला फोन केला. वाटलं उडी मारेल. त्याने आधी विचारलं, नक्की ठरलं का. मग म्हणाला, "अगं कशाला एवढं ताई? लोक हसतील तुला. मी आबांना सांगू का राहू दे म्हणून?" मीच त्याला समजावलं. माझ्या मानाची त्याला माझ्याहून जास्त काळजी.

२३ मार्च, रविवार

झालं माझं लग्न. लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

गिरणेच्या काठी गेलो. आई, आबा, मामा, मामी, गुरुजी आणि मी. मडक्याला पिवळं फडकं गुंडाळलेलं, आत विष्णूची छोटी मूर्ती. मामांनी अंतरपाट धरला. पलीकडे मडकं एकटं राहीना, कलंडायचं, म्हणून मामीने ते दोन्ही हातांनी धरलं. म्हणजे बघायला गेलं तर माझं लग्न मामीशीच लागलं. गुरुजींना दुसरीकडे वास्तुशांत होती, त्यांनी मंगलाष्टकं पळवली. पलीकडच्या वाळूत वाळूच्या ट्रॅक्टरवाली पोरं उभी होती. त्यांनी मोबाइल वर केले तेव्हा मी पदर पुढे ओढून घेतला.

मग मडकं सोडायला गेलो तर नदीला पाणी कुठे? घोट्याएवढं. मडकं बुडेना. मामांनी काठीने ढकललं, ते दोन हात पुढे जाऊन वाळूत अडकून बसलं. आबा पँट वर करून आत गेले आणि त्यांनी ते दगडावर फोडलं. गुरुजी म्हणाले, चालतं.

परत येताना जीपमध्ये मामी आणि आई हळू आवाजात वाद घालत होत्या की आता मला सवाष्ण धरायचं, विधवा धरायचं की कुमारीच. मामी म्हणे नवरा फोडला म्हणजे तसं बघितलं तर. मी ओरडले, "गाडी थांबवा." थांबवली नाही कोणी. उतरून तरी कुठे जाणार होते?

एवढंच समाधान की आता तेजसला अडवायला कोणाकडे काही उरलं नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

तेजस आला. आबा सकाळपासून खुशीत. गुढी उभारून झाल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला, "बोल, रतिलालभाऊंकडे कधी जायचं? या आठवड्यात जाऊन येऊ."

तेजस श्रीखंड खात होता. म्हणाला, "आबा, सध्या कंपनीत मोठं प्रोजेक्ट आहे. माझ्या प्रमोशनचंही आहे. दिवाळीपर्यंत पेंडिंग ठेवू या."

मला वाटलं आबा भडकतील. रतिलालभाऊंनी आखाजीची मुदत दिलीय, मडकं फोडून सात दिवस झालेत. आबा म्हणाले, "बरं. नोकरीचंही बघायला पाहिजे."

एवढंच. सहा वर्षं मला एकेका दिवसाचा हिशेब विचारणाऱ्या माणसाने मुलाला सात महिने असे उचलून दिले, जसं ताटातलं लोणचं द्यावं.

मी तेजसला गच्चीवर गाठलं. "अरे, ती मुलगी जाईल." तो म्हणाला, "नाही जाणार, मी सांगितलंय तिला." काय सांगितलंस विचारलं तर म्हणाला, "सांगितलंय समजावून." नोकरीचं टेन्शन त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आजकाल कंपन्या माणसाला पिळून काढतात. मी जास्त बोलले नाही. पण आज त्याचा मला राग आला, हे इथे लिहिते. पहिल्यांदा आला.

१३ एप्रिल, रविवार

दिपमालाला आठवड्यात चार फोन केले, उचलले नाहीत. मेसेज केला: 'थोडा धीर धर, आमच्या बाजूने आता काही अडचण नाही.' आज उत्तर आलं. 'तुम्हाला हवं ते झालं ना ताई? मग आता मला कशाला फोन करता?'

अंगाची लाही लाही झाली. मला हवं ते? मला? हिच्यासाठी मी नदीत जाऊन मडक्याला माळ घातली आणि ही मला विचारते! एवढी शिकलेली मुलगी, बोलायची काही पद्धत? आई म्हणाली, "जाऊ दे माय, तठे नको जाऊ." मी 'तिथे जाते' असं म्हटलंही नव्हतं. पण आता जाणारच. येत्या रविवारी धुळे. तोंडावर विचारते.

२० एप्रिल, रविवार

आत्ताच परत आलेय, झोपायच्या आधी सगळं लिहून काढते.

सकाळच्या बसने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरले. देवपुरात त्यांचं घर. प्रमिलाबाईंनी, म्हणजे दिपमालाच्या आईने दार उघडलं आणि मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. आत दिपमाला उत्तरपत्रिका तपासत बसली होती. उठली नाही.

मी बसलेही नाही. म्हटलं, "मला काय हवं होतं ते सांग. ते ऐकायला आलेय."

"आम्ही थांबावं, हेच की."

"मी कधी म्हटलं?"

तिने पेन खाली ठेवलं. "ताई, मला सगळं माहीत आहे. पहिल्या वर्षी तुम्ही आठ दिवस जेवला नाहीत. मग झोपेच्या गोळ्यांची बाटली काढून दाखवलीत, माझ्या आधी तुझं लग्न झालं तर बघ म्हणालात. मी तुम्हाला दोष देत नव्हते. तेजसला मीच म्हणायचे, ताईंना जप. पण आता पाडव्याला पुन्हा म्हणालात घर सोडून जाईन म्हणून. मी किती थांबायचं?"

मला आधी काही समजलंच नाही. वाटलं ही दुसऱ्याच कोणाच्या ताईबद्दल बोलतेय. मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, "तेजसने. आणखी कोण सांगणार?" प्रमिलाबाईंनी खुर्ची पुढे ओढून मला बसवलं.

मग मी सांगितलं. फेब्रुवारीपासूनचं सगळं सांगितलं. मडकं, मामी, वाळूत अडकलेलं, आबांनी फोडलेलं. दिपमाला हसली. खरंच हसली, मग हसता हसता तोंड दाबून घेतलं. "तुम्ही हे माझ्यासाठी केलंत?"

"तुमच्या दोघांसाठी."

तिने फोन उचलला, तेजसला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "तेजस, बाबा आज विचारत होते. आखाजीच्या आधी तुझे आबा येतील का? एक तारीख सांग."

"अगं मी आबांना तयार केलंच होतं," माझा भाऊ म्हणाला. "ताईनेच पुन्हा घोळ घातला. तुला माहितीय तिचं. या वयात असं एकटं राहिलं की डोक्यावर परिणाम होतो. मलाच सांभाळावं लागतं सगळं. थोडं पेंडिंग राहू दे ना, प्लीज."

त्याचा आवाज इतका प्रेमळ होता. माझ्याशी बोलतो तसाच, अगदी तसाच.

मी म्हटलं, "तेजस, मी इथेच बसलेय."

 मग त्याने फोन ठेवला.

दिपमाला रडली नाही. आईला म्हणाली, "आई, बाबांना सांग तेजसचा विषय संपला. आणि त्या नंदुरबारच्या लोकांनाही आत्ता बोलावू नका. मला आधी नीट चिडू दे. पाच वर्षं मी भलत्याच बाईवर चिडत होते."

प्रमिलाबाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवभाजी होती. मी जेवले, खूप भूक लागली होती, त्याचंही मला नवल वाटलं. निघताना दिपमाला बसस्टँडपर्यंत आली. "त्याला नाही म्हणायचं होतं, तर म्हणायचं होतं," एवढंच दोनदा म्हणाली.  पाच वर्षांत तिच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली.

२१ एप्रिल, सोमवार

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता हे बाहेर बोलू नको. बहिणीने भावाचं लग्न मोडलं म्हणतील."

म्हणू देत. मी मामीला आजच फोन करून सगळं सांगितलं, म्हणजे उद्यापर्यंत सगळ्या नात्यागोत्यात पोचेल.

आई स्वयंपाकघरात होती. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "माले वाटेच, पोऱ्या टाळस." मग मला नदीवर का नेलंस? ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "तुनं तरी नाव निंघी जाई, असं वाटनं." म्हणजे अडवणारी म्हणून घेतात ते माझं नाव तरी सुटेल. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, पण तिचे हात पिठात होते आणि ती रडत होती. मी बाहेर निघून आले. ओरडायला हवं होतं.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

आज बहिणी माहेरी येतात आणि झोके घेतात. आमच्या घरात पितरांची घागर भरली, सांजोऱ्या तळल्या, आणि तेजस आला.

आल्यापासून माझ्या मागे मागे. शेवटी मी कपडे वाळत घालत होते तिथे येऊन उभा राहिला. वाळला होता जरा. म्हणाला, "ताई, तिचं मन मोडायला जीव होत नव्हता. पहिले काही महिने मलाही हवंच होतं सगळं. मग हवं की नको तेच समजेना. नाही म्हणालो असतो तर मी वाईट ठरलो असतो."

"म्हणून मला वाईट ठरवलंस."

"तुला काय फरक पडणार होता? तू तर तिला भेटतही नव्हतीस."

हे तो चिडून नाही म्हणाला. खरंच असं वाटत होतं त्याला. मला काय फरक पडणार होता! लोक तसंही मला अडून राहिलेली म्हणतात, त्यात आणखी एक खुंटी त्याने ठोकली आणि त्यावर स्वतःचा कोट टांगून पाच वर्षं मोकळा हिंडला.

मी म्हटलं, "तेजस, धुळ्याला जा. तिच्या घरात, तिच्या आईवडिलांसमोर बस आणि बोल. माझ्याबद्दल जे जे सांगितलंस ते एकेक करून परत घे. जेवणाचं, गोळ्यांचं, डोक्यावर परिणामाचं. तोवर माझ्याशी बोलायचं नाही."

"थोडे दिवस जाऊ दे, वातावरण निवळू दे, मग—"

मी हातातला ओला टॉवेल बादलीत आपटला. त्याच्या अंगावर पाणी उडालं. "आज. दुपारची बस आहे."

आबा आतून ओरडले, सणाच्या दिवशी काय चालवलंय म्हणून. मी त्यांनाही म्हटलं, तुम्हीपण जा त्याच्याबरोबर, सुपारी तुम्हीच अडवली होती. आबा दारात येऊन उभे राहिले. तेजस बॅग घेऊन बाहेर पडला. धुळ्याच्या बसमध्ये बसला की नाशिकच्या, ते मला माहीत नाही. दिपमालाचा अजून काही मेसेज नाही.

त्याचं खोटं मी पचवीन. लोकांचं बोलणं तर रोजचंच आहे. पण एक गोष्ट पचत नाही, ती मी त्या दिवशी इथे लिहिली नव्हती. नदीकाठी गुरुजी मंगलाष्टकं पळवत होते, मामी मडकं सांभाळत होती, मागे पोरं मोबाइल घेऊन हसत होती, तेव्हा मी डोळे मिटले होते आणि खऱ्या लग्नात नवऱ्यासाठी मागतात तितक्या मनापासून तेजसचा संसार मागितला होता.